दोन घड्याळांचा पंच

पहाटे ५.२०
मोताळा. जानेवारीतला रविवार. बाहेर अंधार आहे. सर पिशवी भरतात. काळा शर्ट, काळी हाफ पँट, पायमोजे, स्टडचे बूट. शिट्ट्या दोन. पिवळं कार्ड, लाल कार्ड. नाणेफेकीचं नाणं. खिशात मावेल एवढी वही आणि पेन्सिलीचे दोन तुकडे. पेन नाही. घामाने शाई पसरते, मग आकडा वाचता येत नाही.

शेवटी दोन घड्याळं. दोन्ही साधी, डिजिटल. एक डाव्या मनगटावर, एक उजव्या. ती चालू करून, थांबवून, पुन्हा शून्यावर आणून पाहतात. उजव्याचा सेल गेल्याच महिन्यात बदलला, चाळीस रुपये. चालत्या सामन्यात घड्याळ बंद पडलं तर सांगायचं काय, असं ते विचारतात.

सर पस्तिशीचे. बी.पी.एड. झालेत. घाटाखालच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर खेळ शिकवतात. नाव छापू नका म्हणाले. मैदानावर सगळे त्यांना 'सर' म्हणतात, इथंही तेच.

६.१०
मोटारसायकल निघते. रात्रीच शंभरचं पेट्रोल टाकलंय. इथले लोक सगळा बुलडाणा जिल्हा दोन शब्दांत सांगतात, घाटावर आणि घाटाखाली. आम्ही राजूर घाटाने खालून वर चाललोय, बुलडाण्याला. समोरून कापसाने भरलेला ट्रॅक्टर उतरतो. वळणावर सर गाडी कडेला घेतात, त्याला जाऊ देतात. वर चढू तशी थंडी वाढते. सरांनी हातमोजे घातलेत. बोटं आखडली की बटण उशिरा दाबलं जातं. दोन-तीन सेकंदांचाच उशीर, पण सामन्यात पंधरा वेळा झाला तर अर्धं मिनिट होतं.

७.००
शहराच्या कडेला एका शाळेचं मैदान. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाची दोन पोरं फक्की मारताहेत. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडलीत, दोरी ताणलीय, डबा हलवत हलवत पोरगं दोरीवरून मागे सरकतं. सर पूर्ण रेषा चालून बघतात. पेनल्टीची खूण पावलांनी मोजतात, पुसायला लावतात, पुन्हा मारून घेतात. जाळ्या ओढून बघतात. एक खालून सुटलीय. सुतळी मागवतात आणि स्वतः बांधतात.

एका गोलमागे कमरेएवढी भिंत आहे. भिंतीपलीकडे तुरीचं शेत.

"चेंडू किती?"
"तीन हायेत सर."

सर तिन्ही अंगठ्याने दाबतात. एक मऊ लागतो. पंप मारतात, दहा मिनिटांत पुन्हा मऊ. बाभळीचा काटा. म्हणजे दोनच. सर मंडळाच्या पोराला सांगतात, "भिंतीवर एक जण बसव. चेंडू पलीकडे गेला की त्यानं लगेच उडी टाकायची. दुसरा चेंडू मधल्या रेषेशी ठेव."

वाया जाणारी वेळ मोजण्याआधी ती वाचवायची असते. हे काम सामन्याच्या दोन तास आधी सुरू होतं.

८.१५
पंच चार. मोताळा, नांदुरा, मेहकर, देऊळगाव राजा. खेळणारे संघ बुलडाणा, मलकापूर, खामगाव आणि चिखली. ज्या गावाचा संघ आहे त्या गावचा पंच नाही, हे आधीच ठरलंय. आज दोन उपांत्य सामने आणि संध्याकाळी अंतिम. मध्ये शिट्टी घेऊन उभं राहिलं तर तीनशे रुपये, बाजूला झेंडा धरला तर दोनशे, चौथा पंच झालं तर दीडशे. सरांच्या वाट्याला आज तिन्ही कामं आलीत. आधी झेंडा, मग चौथा, आणि अंतिम सामन्यात मध्ये.

चहा येतो. बाकावर नियमपुस्तक उघडतं. फुटबॉलचे नियम ठरवणारं आयफॅब हे मंडळ १८८६ सालचं. त्याच्या पुस्तकातला सातवा नियम सामन्याच्या वेळेचा. नांदुऱ्याचे पंच वाचतात, बाकीचे ऐकतात. वेळ कशासाठी भरून द्यायची? खेळाडू बदलला तर. जखमीला तपासलं, बाहेर नेलं तर. मुद्दाम वेळ काढली तर. कार्ड दाखवलं तर. पाणी प्यायला ठरवून थांबलो तर. गोलनंतरचा जल्लोष लांबला तर. आणि बाकी कुठल्याही कारणाने खेळ सुरू व्हायला बराच उशीर झाला तर.

"थ्रो?" देऊळगाव राजाचा पोरगेला पंच विचारतो. त्याची ही पहिलीच स्पर्धा.
"थ्रो-इन, गोल किक ही खेळातलीच थांबणी आहेत," सर सांगतात. "ती धरायची नाहीत. कुणी उगाच रेंगाळला तरच धरायची."

९.००
पहिला उपांत्य सामना. बुलडाणा आणि मलकापूर. तीस-तीस मिनिटांचे दोन अर्ध. मध्ये मेहकरचे पंच. सर झेंडा घेऊन कडेने पळतात. तोंड सतत मैदानाकडे, पाय आडवे. दोन्ही घड्याळं तरीही चालू आहेत. वेळेचा निर्णय मधल्या पंचाचाच, पण त्याचं घड्याळ दगा देऊ शकतं. म्हणून कडेचाही हिशेब तयार हवा.

डावं घड्याळ सामना सुरू होताना चालू होतं आणि अर्ध संपेपर्यंत थांबत नाही. उजवं थांबतं. वेळ वाया जाऊ लागली की अंगठा, खेळ पुन्हा सुरू झाला की अंगठा. शेवटी डाव्यातून उजवं वजा केलं की जादा वेळ हातात येते.

अकराव्या मिनिटाला एक कुत्रं मैदानात शिरतं. शिट्टी. अंगठा. दोन पोरं हुसकावतात, ते दुसऱ्या गोलकडे पळतं. चेंडू ज्याच्याकडे होता त्याच्याच पायाशी पंच टाकतात आणि खेळ सुरू होतो. पस्तीस सेकंद.

विसाव्या मिनिटाला मलकापूरचा एक पोरगा घोटा धरून बसतो. स्ट्रेचर नाही. त्याचे दोन मित्र खांद्याला धरून नेतात. कडेला बर्फाची पिशवी आहे, मंडळाने सकाळी वीस रुपयांचा बर्फ आणलाय. मलकापूरचे प्रशिक्षक ओरडतात, "सर, टाइम धरा! टाइम धरा!" सर त्यांच्याकडे बघत नाहीत, पण अंगठा दाबून झालाय. प्रशिक्षकांचा संघ मागे आहे. पुढे असते तर ते ओरडले नसते, हे सगळ्यांना कळतं आणि कुणी वाईटही धरत नाही.

बुलडाणा जिंकतं.

१०.३०
पोहे आणि चहा. प्रत्येकी तीस रुपये, ज्याचे त्याने. पायमोजे उन्हात टाकलेत. नवा पंच विचारतो, कॉर्नर मारायचा असेल आणि वेळ संपली तर?

सर ब्राझीलची गोष्ट सांगतात. ३ जून १९७८. अर्जेंटिनातला विश्वचषक, मार देल प्लाता शहर. ब्राझील आणि स्वीडन १-१ बरोबरीत. शेवटच्या क्षणी ब्राझीलला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत आला, झिकोने डोक्याने आत मारला. पण वेल्सचे पंच क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच शिट्टी वाजवली होती. गोल नाही. सामना बरोबरीत सुटला.

"चुकलं का त्यांचं?"
"नियमात चुकलं नाही. वेळ संपली की संपली. वेळ संपल्यावरही थांबावं लागतं ते फक्त पेनल्टीसाठी. पण कॉर्नर मारू द्यायचा आणि हवेत शिट्टी वाजवायची, हे पोरांना कसं समजावणार? एक तर मारायच्या आधी वाजव, नाही तर चेंडू बाहेर निघू दे."

मेहकरचे पंच कतारचा विश्वचषक काढतात. २१ नोव्हेंबर २०२२, इंग्लंड आणि इराण. इराणच्या गोलकीपरच्या डोक्याला मार लागला, बराच वेळ उपचार चालले आणि पहिल्याच अर्धात चौदा मिनिटं जादा खेळवली. त्या स्पर्धेत पंचांचे प्रमुख पिएरलुईजी कोलिना यांनी सगळ्यांना बजावलं होतं की वाया गेलेली वेळ नीट मोजा आणि पुरती द्या. आपल्याकडची पोरं टीव्हीपुढे बसून विचारत होती, इतका वेळ कसा काय? इतका कारण तितका गेला होता.

११.१०
दुसरा उपांत्य सामना. खामगाव आणि चिखली. सर आता चौथे पंच. बदली खेळाडूंचे बूट तपासायचे, चिठ्ठीवर नंबर लिहायचा, दोन्ही बाकांवरच्या लोकांना आवरायचं. आणि पाटी धरायची.

१९९८ च्या फ्रान्समधल्या विश्वचषकात जादा मिनिटांचा आकडा दाखवणारी विजेची पाटी जगाने पाहिली. इथं शाळेची काळी पाटी आहे आणि खडू. एकोणतिसाव्या मिनिटाला मधले पंच मांडीजवळ दोन बोटं सोडतात. सर पाटीवर दोनचा आकडा ठळक गिरवतात, तिसावं मिनिट संपताना डोक्यावर धरतात आणि सावकाश दोन्ही बाजूंना फिरवतात. आकडा पंच ठरवतात, चौथा फक्त दाखवतो. आणि तो कमीत कमीचा आकडा असतो. वाढू शकतो, कमी होऊ शकत नाही.

"फक्त दोनच?" चिखलीच्या बाकावरून आवाज येतो.
"कमीत कमी दोन," सर म्हणतात.

दुसऱ्या अर्धाच्या अगदी शेवटी चिखलीला पेनल्टी मिळते. मधल्या पंचांचं घड्याळ संपतं, तरी ते थांबतात. ही किक झालीच पाहिजे. मैदानाभोवतीची सगळी माणसं रेषेजवळ येतात. सर हात पसरून त्यांना फक्कीच्या मागे ढकलतात. चिखलीचा पोरगा मारतो, खामगावचा गोलकीपर डावीकडे झेपावून चेंडू बाहेर काढतो. त्याच क्षणी शिट्टी. पुन्हा मारायला संधी नाही, कॉर्नर नाही. खामगाव अंतिम सामन्यात.

१२.४५
डबा. ज्वारीच्या भाकरी, तुरीच्या शेंगांच्या सोल्याची भाजी, मिरचीचा ठेचा. सर झाडाखाली पाय लांब करून बसतात. पिंढऱ्यांना तेल चोळतात. पन्नासची छोटी बाटली, चार रविवार पुरते.

अंतिम सामना साडेचारला. मधले पावणेचार तास इथंच काढायचे. घाट उतरून घरी जाऊन परत यायचं तर आणखी शंभरचं पेट्रोल. शाळेत तासिका घेतली की तिचे पैसे मिळतात, सुट्टी पडली की नाही. उन्हाळ्यात काय करता, विचारलं. "शिबिरं घेतो. नाही मिळालं तर मेव्हण्याच्या दुकानात बसतो." सामन्याचे पैसेही सामन्यापुरतेच. सामन्यांच्या मधल्या या तासांना दर नाही.

सर चाळीस मिनिटं झोपतात. टोपी तोंडावर.

२.५०
अंतिम सामन्याची पोरं येऊ लागलीत. बरीचशी सतरा-अठराची. १५ सप्टेंबर २०१७ ला राज्यभर एकाच दिवशी शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला होता. त्याच ऑक्टोबरात भारतात १७ वर्षांखालचा विश्वचषक होता आणि नवी मुंबईत त्याचे सामने होते. तेव्हा शाळांना चेंडू वाटले गेले. ही पोरं त्या वेळी तिसरी-चौथीत असतील. सर म्हणतात, त्या दिवशी मैदानात उतरलेल्यांतली काही टिकली, हेच मोठं.

खामगावचा गोलकीपर सरांशी येऊन बोलतो. चेंडू हातात किती वेळ ठेवता येतो?

"आठ सेकंद. आधी सहा होते. जुलै २०२५ पासून आठ. पण आता शिक्षा वेगळी आहे. आठच्या पुढे गेलास तर समोरच्याला कॉर्नर. शेवटचे पाच मी हात वर करून बोटांनी मोजीन. माझ्या हाताकडे बघ."

पोरगा मान हलवतो. मग सर बुलडाण्याच्या गोलकीपरला बोलावून तेच, त्याच शब्दांत सांगतात. एकालाच सांगून चालत नाही.

४.३०
पाहुणे आलेले नाहीत. हार, नारळ, माईक तयार आहे. संघ रांगेत उभे आहेत. सर पश्चिमेकडे बघतात. मैदानाला दिवे नाहीत. या दिवसांत सूर्य सहाच्या सुमारास जातो.

४.४५ ला पाहुणे येतात. भाषण थोडक्यात होतं. मंडळाचे अध्यक्ष सरांजवळ येतात.

"सर, अंधार होईल. तीस-तीसच खेळवा, पण ते इंज्युरी टाइम राहू द्या."
"भाऊ, सामना छोटा करता येतो. सुरू व्हायच्या आधी, दोन्ही कप्तान आणि तुम्ही राजी असाल तर. पण गेलेली वेळ गाळता येत नाही. पुढच्या संघानं झोपून काढली तर मागच्यानं काय करायचं?"

दोन्ही कप्तान बोलावले जातात. पंचवीस-पंचवीस ठरतं. मध्यंतर सात मिनिटं. बरोबरी राहिली तर थेट पेनल्टी. सर वहीत लिहितात, तिघांच्या सह्या घेतात. एकदा शिट्टी वाजली की यातलं काही बदलणार नाही.

४.५८
शिट्टी. दोन्ही अंगठे एकदम.

पहिला अर्ध स्वच्छ जातो. एक बदली, एक पोरगा गुडघा चोळत बसलेला. सर कर्णरेषेने पळतात, चेंडूच्या मागे पंधरा-वीस पावलं. वही काढतात ती फक्त चेंडू थांबला की. दोन शब्द, एक आकडा, वही परत खिशात. पंचवीस संपताना उजवं घड्याळ तेवीस मिनिटं वीस सेकंद दाखवतं. एक मिनिट चाळीस. पाटीवर एक. खेळवली एक चाळीस. ५.२५ ला मध्यंतर. ०-०.

मध्यंतरात सर पाणी पितात, बसत नाहीत. नवा पंच विचारतो, पहिल्या अर्धात दहा सेकंद कमी पडले असतील तर आता देता येतील का? नाही. चूक झाली तर ती त्याच अर्धात राहते. दुसऱ्याची लांबी त्यासाठी बदलायची नाही.

५.३२
दुसरा अर्ध. ऊन तिरपं झालंय. खामगावच्या गोलकीपरच्या डोळ्यांवर येतं. आठव्या मिनिटाला बुलडाणा गोल करतं. सगळा संघ कोपऱ्यातल्या झेंड्याकडे धावतो. सर मागे सरकत मधल्या रेषेकडे येतात, अंगठा दाबतात. पंधरा सेकंद धरतात.

मग खेळाची चाल बदलते. बुलडाण्याला आता घाई नाही. एक जोरदार किक भिंतीपलीकडे जाते. भिंतीवरचं पोरगं उडी टाकतं, तुरीत शिरतं. मधल्या रेषेशी ठेवलेला दुसरा चेंडू मागतात. त्यालाही दुपारी काटा लागलाय. तुरीतून आवाज येतो, "दिसून नाही रायला!" पंचावन्न सेकंद.

खामगावचा एक जण डोक्याला डोकं लागून पडतो. सर लगेच शिट्टी वाजवतात, डोक्याच्या माराला थांबायचं नसतं. बर्फ, पाणी, चार प्रश्न. आज वार कोणता? स्कोअर काय? पोरगं बरोबर सांगतं, तरी प्रशिक्षक त्याला बसवतात. एक मिनिट पंचवीस. त्याच्या जागी आलेला धरून दोन्हीकडच्या दोन बदल्या, पन्नास सेकंद. बुलडाण्याचा कप्तान फ्री किकचा चेंडू उचलून दूर नेऊन ठेवतो. पिवळं कार्ड. पंचवीस सेकंद.

बुलडाण्याच्या गोलकीपरच्या हातात चेंडू. सर हात वर करतात. पाच. चार. तीन. पोरगा हाताकडे बघतो आणि चेंडू मारून टाकतो. कॉर्नर द्यावा लागत नाही.

५.५६
सर डावं मनगट बघतात, मग उजवं. उजवं तीन मिनिटं पन्नास सेकंदांनी मागे आहे. मांडीजवळ तीन बोटं सोडतात. चार दाखवले तर चार पुरे द्यावेच लागतील, तेवढे झालेले नाहीत. मेहकरचे पंच पाटी वर धरतात. तीन.

भोवतीची माणसं मोबाईलवर मोजू लागतात. जादा वेळेतल्या दुसऱ्या मिनिटाला बुलडाण्याचा बचावपटू पोटरी धरून आडवा होतो. त्याला खरंच गोळा आलाय, पाय थरथरतोय. खामगावचाच पोरगा त्याचा पंजा धरून ताणतो. सर बाजूला उभे राहतात. अंगठा. त्याला बाहेर नेऊन खेळ सुरू होईपर्यंत एक मिनिट दहा.

मोबाईलवर तीन संपलेत. "सर, टाइम झाला! टाइम झाला!" सर खेळ चालू ठेवतात. चौथं मिनिट संपत येतं. खामगावला कॉर्नर. गोलकीपर सोडून सगळे पुढे येतात. सूर्य टेकलाय, पण चेंडू अजून स्वच्छ दिसतो. सर घड्याळ बघतात, वीस सेकंद आहेत. मारू देतात. चेंडू येतो, दोन डोकी वर जातात, बुलडाण्याचा एक जण तो मधल्या रेषेपर्यंत भिरकावतो. उजवं घड्याळ पंचवीसवर येतं.

शिट्टी. ६.०२.

६.१०
खामगावची पोरं काही म्हणत नाहीत. रागावलाय तो बुलडाण्याचा कप्तान, जिंकलेला.

"सर, तुमी तीन दाखवले. खेळवले पाच. गोल झाला असता तं?"

सर वही उघडतात. पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी. गोल ०.१५. भिंत ०.५५. डोकं १.२५. बदल्या दोन ०.५०. कार्ड ०.२५. खाली रेघ, ३.५०. त्याखाली वेगळी ओळ, पोटरी १.१०. पुन्हा रेघ. ५.००.

कप्तान बोट ठेवून वाचतो. "पोटरी तं आमच्याच पोराची होती."
"हो. पण वेळ दोघांची गेली."

खामगावचा कप्तानही येऊन वाकून बघतो. मोबाईल काढून त्या पानाचा फोटो घेतो. "आमच्या पोट्ट्यायले दाखवतो," म्हणतो. सर पान सरळ धरतात, उजेड कमी आहे म्हणून.

७.००
पाकीट. सर उघडून मोजतात, सगळ्यांसमोर. तीनशे, दोनशे, दीडशे. साडेसहाशे रुपये. पेट्रोल शंभर, पोहे-चहा तीस, संध्याकाळचा चहा दहा. उरले पाचशे दहा. मंडळाचे अध्यक्ष पुढच्या रविवारी येणार का विचारतात. सर आधी विचारतात, चेंडू किती असतील. "चार तरी ठेवा. भरलेले."

नव्या पंचाला ते एक काम देतात. घरी टीव्हीवर सामना लाव, दोन घड्याळं घे, पाटीवरचा आकडा यायच्या आधी तुझा आकडा लिही. फरक पडला तर कुठे पडला ते शोध. महिनाभर कर.

८.४०
मोताळा. सर कच्च्या वहीतले आकडे मोठ्या रजिस्टरमध्ये उतरवतात. अंतिम सामना. पहिला अर्ध २५ अधिक १.४०, दुसरा २५ अधिक ५.००. प्रत्येक कारण वेगळ्या ओळीत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही, रजिस्टर कुणी तपासतही नाही. का लिहिता, विचारलं.

"पोरं वर्षभर घासतात. त्यांची पाच मिनिटं मी दिली की खाल्ली, हे मला दाखवता आलं पाहिजे. उद्या नाही, दहा वर्षांनी विचारलं तरी."

मग दोन्ही घड्याळं शून्यावर आणतात, शर्ट बादलीत टाकतात. सोमवारचं वेळापत्रक भिंतीवर आहे. उद्या दोन तासिका आहेत, सहावी आणि आठवी. आठवी तिसऱ्या तासाला घ्यायची, मैदान तेव्हा रिकामं असतं.